सिमएच: साधं अटॅच, -ई, -आर की -एन?

पीडीपी-११ या जुन्या संगणकाची जुनं युनिक्स किंवा आरटी-११ ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची म्हणून सिमएच उघडलं, की बहुतेकांची गाडी डिस्क जोडतानाच अडते. बॉब सुपनिक यांनी १९९३ पासून घडवलेल्या या एम्युलेटरमध्ये (म्हणजे जुन्या संगणकांची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) डिस्क जोडणारी अटॅच कमांड चार प्रकारे देता येते: नुसतं अटॅच, किंवा त्यापुढे -ई, -आर, -एन यांपैकी एक स्विच. (कमांड अर्थात रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.) माझं मत आधीच सांगतो: तयार डिस्क-इमेज (म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत असलेली फाइल) जोडायची असेल तर -ई वापरा.

साधं अटॅच फाइल सापडली नाही म्हणून थांबत नाही. त्याच नावाची कोरी फाइल बनवून मोकळं होतं. समजा, तुमची इमेज दुसऱ्याच फोल्डरमध्ये आहे, किंवा विंडोजने एक्स्टेन्शन लपवल्यामुळे तिचं खरं नाव वेगळंच आहे. अशा वेळी आरएल० (पहिला आरएल डिस्क-ड्राइव्ह) जोडताना 'क्रिएटिंग न्यू फाइल' अशी एक ओळ येऊन जाते आणि पाठोपाठ 'ओव्हरराइट लास्ट ट्रॅक?' असा प्रश्न येतो. घाईत उत्तर देऊन बूट केलं, की 'हॉल्ट इन्स्ट्रक्शन, पीसी: ०००००२' (पीसी म्हणजे पुढच्या सूचनेचा पत्ता). पीडीपी-११ मध्ये शून्य हा आकडाच हॉल्टची, म्हणजे थांबण्याची, सूचना आहे. कोऱ्या डिस्कचा पहिला ब्लॉक मेमरीत आला, त्यात सगळी शून्यं, म्हणून प्रोसेसर पहिल्याच सूचनेला थांबला. इमेज खराब नाही, ती जोडलीच गेलेली नाही. पण लोक इथून पुढे इमेज पुन्हा डाउनलोड करत बसतात, याचं वाईट वाटतं.

-ई दिलं की याच चुकीला तिथल्या तिथे 'फाइल ओपन एरर' मिळते. मग फक्त मार्ग, नाव आणि फाइलच्या परवानग्या तपासायच्या. एक गोष्ट मात्र विसरू नका: आधीच्या प्रयत्नात तयार झालेली कोरी फाइल पुसून टाका. ती राहिली तर -ई लाही ती सापडते आणि तो बिनतक्रार उघडतो. शंका असेल तर 'शो आरएल०' करून कोणती फाइल जोडली आहे ते बघा आणि तिचा आकार तपासा.

-आर मध्ये डिस्क फक्त वाचता येते. दुर्मीळ इमेजमधून काही फाइली काढून घ्यायच्या असतील तर हाच पर्याय. -ईआर असं एकत्रही देता येतं. युनिक्स जिच्यावरून चालतं त्या रूट डिस्कसाठी -आर सोयीचा नाही, कारण युनिक्स सतत डिस्कवर लिहीत असतं. तिथे इमेजची प्रत काढून ती -ई ने जोडा.

-एन फक्त कोरी डिस्क हवी असेल तेव्हाच. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती न विचारता रिकामी होते.

'युनिट ऑलरेडी अटॅच्ड' हा संदेश ड्राइव्हचा प्रकार आरएल०१ वरून आरएल०२ करताना दिसला, तर क्रम चुकला आहे. आधी डिटॅच, मग सेट, मग अटॅच.

टेपचा प्रश्न वेगळा. इथे फाइल बरोबर उघडते, पण वाचताना चुका येतात, कारण फॉरमॅट जुळत नाही. सिमएचच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर ४ बाइटमध्ये लांबी लिहिलेली असते. टीपीसी या दुसऱ्या टेप-फॉरमॅटमध्ये ती फक्त आधी, २ बाइटमध्ये असते. अशी टेप जोडताना -एफ देऊन फॉरमॅटचं नाव सांगा.