एस्ट्राडायॉल जेल आणि प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल: दिवाळीपासूनच्या वापराचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब बघते. वय ५१, पाळी जाऊन दोन वर्षं होत आली. सौदे ऐन भरात असताना छातीतून कपाळापर्यंत आग उठायची, ब्लाऊज पाठीला चिकटायचा आणि घामावर हळदीची धूळ बसून मानेवर पिवळे ओघळ दिसायचे. रात्री झोप म्हणून नाही. मिरजेच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी सगळं तपासून गेल्या दिवाळीत दोन औषधं सुरू केली: सकाळी मांडीला लावायचं एस्ट्राडायॉलचं जेल आणि रात्री झोपताना १०० मिलिग्रॅमची मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक कण केलेल्या, प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल.

यांनाच बायोआयडेंटिकल हार्मोन म्हणतात. सोयाबीन किंवा रानटी कंदातला पदार्थ घेऊन कारखान्यात रासायनिक प्रक्रिया करतात आणि आपल्या बीजकोशात तयार होतं तेच, हुबेहूब तसंच रसायन बनवतात. वनस्पतीपासून सुरुवात झाली म्हणून ते आयुर्वेदिक काढ्यासारखं कुणीही घ्यावं असं मात्र नाही. शरीर त्याला खरं हार्मोन म्हणूनच वागवतं, फायद्यातही आणि धोक्यातही.

फायदा आधी सांगते. पहिल्या महिन्यातच अंगात उठणाऱ्या या गरम वाफा कमी झाल्या, संक्रांतीपर्यंत जवळजवळ थांबल्या. झोप सुधारली, त्यात कॅप्सूलचा वाटा मोठा आहे, कारण तिने गुंगी येते. रात्री बाथरूमला उठलात तर आधी दोन मिनिटं पलंगावर बसून घ्या. सुरुवातीला छाती दुखरी झाली आणि थोडे रक्ताचे डाग पडले, दोन्ही नंतर थांबलं. गुडघे होते तसेच दुखतात, वजनही तेवढंच आहे.

जेल लावण्याची काळजी घ्यावी लागते. त्यात अल्कोहोल असतं, ते पूर्ण वाळेपर्यंत गॅसजवळ जायचं नाही. आधी मी दंडाला लावायचे, पण नात सारखी अंगाला बिलगते आणि हे औषध कातडीवरून दुसऱ्याला लागतं. म्हणून मांडीला लावते आणि लगेच हात धुते. छातीला कधीच लावायचं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्या थोरल्या जाऊबाईंची गर्भाची पिशवी काढलेली आहे. त्यांना डॉक्टरांनी नुसतं जेल दिलंय आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी त्यांचं बघून स्वतःची कॅप्सूल बंद केली. दिवसा जड वाटतं, खर्चही वाचतो, आणि वाफा तर जेलनेच जातात, असा त्यांचा हिशेब. पिशवी मात्र त्यांची जागेवर होती. काही महिन्यांनी अंगावरून जायला लागलं. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं, तुकडा तपासायला पाठवावा लागला आणि रिपोर्ट येईपर्यंत सगळ्या घराच्या तोंडचं पाणी पळालं. कॅन्सर नव्हता, अस्तराची वाढ होती, उपचाराने बरी झाली. एस्ट्रोजेन, म्हणजे जेलमधलं हार्मोन, एकटंच मिळत राहिलं की गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि त्या वाढीतून पुढे कॅन्सर होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालतं. वाफा जेलने गेल्या तरी कॅप्सूलचं काम रोज चालू असतं, ते आपल्याला जाणवत नाही एवढंच. म्हणून ज्यांची पिशवी शाबूत आहे त्यांनी कॅप्सूल मनाने सोडू नका. गुंगी फार येत असेल तर डॉक्टरांना सांगा. रोज १०० ऐवजी महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम असाही क्रम असतो. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगतेल असतं, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेही आधी विचारून घ्या.

हार्मोन म्हटलं की घरचे घाबरतात ते २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासामुळे. त्यात १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं एस्ट्रोजेन आणि एक कृत्रिम प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध, अशी गोळी त्या घेत होत्या. दर वर्षी १०,००० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरचे साधारण ८ रुग्ण जास्त आढळले आणि अभ्यास वेळेआधी थांबवला गेला. माझी औषधं ती नाहीत. जेल कातडीतून थेट रक्तात जातं, आधी लिव्हरमधून जात नाही, त्यामुळे गोळीने वाढतो तसा रक्ताच्या गुठळ्यांचा धोका त्याने वाढलेला फ्रान्समधल्या अभ्यासांत दिसला नाही. तिथल्याच पाहणीत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका कृत्रिम प्रोजेस्टिनपेक्षा कमी आढळला. पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी या जोडीची झालेली नाही, म्हणून धोका शून्य आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे चौकटीतले जुने इशारे काढायचं ठरवलं, तेव्हाही नुसत्या एस्ट्रोजेनवरचा गर्भाशयाच्या कॅन्सरचा इशारा त्यांनी ठेवला. आमच्या गल्लीतलं प्रकरण नेमकं तेच होतं.

दुसरी भीती वेगळीच आहे. शहरांत काही ठिकाणी थुंकी तपासून ‘खास तुमच्यासाठी’ मिश्रण करून देतात, किंवा कातडीखाली गोळी बसवतात. माझ्या मैत्रिणीला असंच पॅकेज सांगितलं होतं, मी तिला हट्टाने थांबवलं. थुंकीतल्या आकड्यावरून डोस ठरत नाही, तो आकडा तासातासाला बदलतो. अशा मिश्रणात नेमकं किती औषध आहे याची कंपनीच्या औषधासारखी तपासणी होत नाही, आणि प्रोजेस्टेरॉन कमी पडलं तर पुन्हा अस्तराचाच प्रश्न. बसवलेली गोळी त्रास झाला म्हणून सहज काढताही येत नाही.

सुरू करण्याआधी माझी मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बीपी, साखर, सगळं झालं. पायात गुठळी, अर्धांगवायू, लिव्हरचा आजार, स्तनाचा कॅन्सर, कारण न कळलेला रक्तस्राव, यातलं काही झालंय का, हे डॉक्टरांनी एकेक करून विचारलं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर फायद्याचं पारडं जड असतं, असंही त्यांनी सांगितलं. जेल विश्रामबागच्या दुकानात आधी सांगून ठेवावं लागतं, एरवी मिळत नाही. दोन्हींचा मिळून महिन्याचा खर्च माझ्या पगाराला जाणवतो, तरी मी दोन्ही चालू ठेवली आहेत. येत्या दिवाळीला पुन्हा मॅमोग्राफी आहे, तेव्हा डोस कमी करता येतो का ते डॉक्टर बघणार आहेत. त्या ताईही आता तपासणीला माझ्याबरोबरच येतात.