व्हॅल्प्रोएट सिरप : गुणकारी, पण यकृतावर नजर हवी
झटके आवरण्यात हे औषध गुणी आहे, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र 2 वर्षांखालील बाळांत, विशेषतः फिटची आणखी औषधे चालू असताना किंवा जन्मजात चयापचयाचा विकार असताना, यकृत निकामी होण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि तो बहुधा पहिल्या 6 महिन्यांत उद्भवतो. माहितीपत्रकात हा इशारा असतो, पण तो पालकांना तोंडी समजावून सांगायलाच हवा. रक्ततपासणी नियमित करावी, तरी केवळ तिच्या आकड्यांवर विसंबू नये : बाळ दूध नाकारू लागले, वारंवार उलट्या करू लागले, मलूल पडले किंवा आटोक्यातले झटके पुन्हा सुरू झाले, तर कावीळ दिसेपर्यंत न थांबता ताबडतोब डॉक्टरांना गाठावे. औषध आपल्या मनाने एकदम थांबवणेही तितकेच घातक, कारण त्याने झटके अनावर होऊ शकतात.