सागवानी म्हणून घेतलेली सूरपेटी

पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण जास्त टोचलं ते हे की फसवणुकीचा पुरावा मी खरेदीच्या आधीच वीस वेळा पाहिला होता. कौतुकाने पाहिला होता.

गाणं मी चाळिशीनंतर शिकायला लागले. तंबोरा लावणं हातात बसेना, बाईंकडचा अर्धा तास खुंट्या पिळण्यातच जायचा. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा तोच तो वळसा ऐकून कंटाळा येई. बाई म्हणाल्या, "सूरपेटी घे. भाता हलवायचा, सा-प उघडे ठेवायचे आणि गायचं." कल्पना आवडली. छोटी लाकडी पेटी, आत पितळी रीड (हवेने थरथरून वाजणाऱ्या पट्ट्या), समोर गोल चकत्या. हवी ती चकती सरकवली की त्या स्वराचं भोक उघडतं. एका सप्तकाचे तेरा स्वर, बास.

फोनवर शोधताना एक पान सापडलं. 'हस्तनिर्मित, अस्सल सागवान, पालीताणा रीड.' पालीताणा हे नाव वाचलं आणि मी विरघळले. भावनगर जिल्ह्यातलं हे गाव रीडसाठी पेटीवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे, एवढं मला ऐकून माहीत होतं. फसवणाऱ्यालाही तेवढंच माहीत असावं. खाली व्हिडिओ होता: पॉलिशने चमकणारी पेटी, भाता हलवणारा हात आणि भरून टाकणारा सूर. किंमत ९,८०० रुपये. मी म्हटलं, माझा सा काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी) आहे. उत्तर आलं, "ताई, काळी चारला तर फारच गोड लागते." सगळे पैसे आधी यूपीआयने पाठवले. बिल मागितलं नाही. माणूस इतका आदबीने बोलत होता की बिल मागणं मलाच उद्धटपणाचं वाटलं. (भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारी मी!)

पेटी आली. दिसायला सुरेख. काळी चारचा सा आणि काळी दोनचा मंद्र पंचम (सा-च्या खालचा प) उघडला, भाता हलवला. सूर डोलायला लागला. वाँव-वाँव-वाँव. सगळ्या चकत्या बंद करून भाता फुगवला, तर कुठूनतरी शूऽऽ आवाज येऊन तो दोन-तीन सेकंदांत मिटला. विक्रेत्याला फोन केला. तो हसला. "ताई, हाताने केलेली वस्तू आहे. थोडा फरक राहणारच. मशीनसारखं नसतं ते."

आणि मला ते पटलं! महिनाभर मी त्या डोलण्याला 'हाताचा गोडवा' समजून गात राहिले. बाईंनी एकदा ऐकलं आणि मला मध्येच थांबवून म्हणाल्या, "तू सा कुठला धरतेयस? पेटीचा की पंचमाला जुळेल तो?" खरंच, मी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी चाचपडत होते.

सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर पाहिलं. लागून असलेल्या दोन स्वरांत, म्हणजे पांढरीपासून शेजारच्या काळीपर्यंत, १०० सेंट धरतात. माझा सा आठ सेंट उतरलेला, पंचम तेवढाच चढलेला. एकेकटे ऐकले तर कानाला फारसं कळत नाही; एकत्र वाजले की सेकंदाला पाचेक लाटा उठतात. आता, थोडी लाट चांगल्या पेटीतही असू शकते. कारागिराने तेरा स्वर पियानोसारखे समान अंतरावर लावले असतील तर सा-पमध्ये अगदी सावकाश, दीडेक सेकंदाला एखादी, लाट येते. तुमची पट्टी, म्हणजे गायचा सा, ठरलेली असेल तर तेवढीही नको म्हणून सांगता येतं, आणि कारागीर तो पंचम सा-शी जुळवून देतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारला असता.

मिरजेला मावशीकडे जाणं झालं तेव्हा पेटी बरोबर नेली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्याच गल्ल्यांच्या आसपास पेटी दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी मागचे स्क्रू काढले आणि काही न बोलता पेटी माझ्याकडे वळवली. बाहेरून सागवानासारखी, आतल्या कडेला प्लायवूडचे थर स्पष्ट. वर नुसता लाकडासारखा छापील कागद, त्यावर पॉलिश. भात्याच्या घडीला चामड्याऐवजी चिकटपट्टी. रीड एका जातीच्या नव्हत्याच, मोडीत निघालेल्या दोन-तीन हार्मोनियममधून उपटलेल्या. रीडचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. या इतक्यांदा घासल्या होत्या की पातळ झाल्या होत्या. सा-च्या रीडच्या टोकावर तर मेणाचा थेंब होता. वजन वाढलं की सूर उतरतो, त्याची ही आळशी युक्ती. उन्हाळ्यात मेण हललं की सा-ही हलणार.

मी ते 'हाताने केलेली आहे'चं वाक्य सांगितलं. काका चिडले. "हाताने केलेली म्हणून तर नीट पाहिजे. एकेक रीड कानाला लावून घासतात बाई. फरक राहिला तर हात कशाला?"

घरी येऊन तो व्हिडिओ पुन्हा लावला. एकोणिसाव्या सेकंदाला हात थांबतो, भाता पूर्ण मिटतो, आणि सूर तसाच चालू राहतो. जराही न दबता. शिवाय उघडी चकती डावीकडून तिसरी, म्हणजे पांढरी दोन, आणि ऐकू येतो काळी चारचा सा. आवाज दुसऱ्याच यंत्राचा, वरून चिकटवलेला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल विचारलं. माझ्याकडे मोबाइल नंबर आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याने पत्ता आणि परतीच्या अटी आधीच दाखवायच्या असतात. त्या पानावर यातलं काही नव्हतं, आणि मी पाहिलंही नव्हतं. दरम्यान त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

तुम्ही घेणार असाल तर शक्यतो हातात घेऊन घ्या. लांबून घ्यायचीच असेल तर व्हिडिओ कॉलवर सगळ्या चकत्या बंद करून भाता फुगवायला सांगा आणि तो किती वेळ टिकतो ते मोजा. मग तुमचा सा-प उघडून हात थांबवायला सांगा. सूर विझताना ऐका. मागची बाजू उघडून दाखवायला सांगा. खरा कारागीर आनंदाने दाखवतो, उलट चार गोष्टी जास्तच सांगत बसतो.

परवा सहज ते पान शोधलं. नाव बदललंय, किंमत दहा हजारांच्या वर गेलीय. व्हिडिओ तोच आहे.