दारू सोडवायची गोळी: तिन्हींपैकी कुणाला कुठली?

ऐरोलीत माझं मेडिकलचं दुकान आहे. दुपारी गर्दी ओसरली की एखादी ताई काउंटरशी येऊन हळू आवाजात विचारते, "त्यांना कळू न देता जेवणातून देता येईल अशी गोळी आहे का?" लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'न कळत दारू सोडवा'ची जाहिरात तिने वाचलेली असते. मी देत नाही.

दारू सोडवायच्या मुख्य गोळ्या तीन: डायसल्फिरॅम, नाल्ट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट. ती ताई मागत असते ती बहुधा डायसल्फिरॅम. पोटात गेलेल्या दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, मग यकृत त्याचा निचरा करतं. ही गोळी तो निचराच अडवते. मग घोटभर दारूनेही चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस त्यात दगावू शकतो. गोळी थांबवल्यावरही 14 दिवसांपर्यंत हा धोका राहतो. आणि गोळी पोटात आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो संध्याकाळी क्वार्टर घेणारच ना?

पण ज्याने स्वतः ठरवलंय, हृदय-यकृत ठीक आहे आणि जो रोज सकाळी घरच्या माणसासमोर गोळी घ्यायला कबूल आहे, त्याच्यासाठी ती खरंच कामाची आहे. समोर कुणी नसेल तर आठवड्याभरात गोळ्या चुकायला लागतात. तिन्हींत स्वस्त हीच. ती चालू असताना द्राक्षासव, दशमूलारिष्ट बंद. आसव-अरिष्टांत मद्यार्क असतो, खोकल्याच्या काही औषधांतही असतो. जुलाबावर सर्रास घेतली जाणारी मेट्रोनिडॅझोल हिच्यासोबत घेतली तर माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. म्हणून कुठल्याही मेडिकलमध्ये गेलात तरी आधी डायसल्फिरॅमचं सांगा.

नाल्ट्रेक्सोन धाक दाखवत नाही. ती पिण्यातून मिळणारी मजाच कमी करते, त्यामुळे पहिल्या पेगनंतर दुसऱ्याची ओढ तितकी राहत नाही. 50 मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसातून एकदा. दारू पूर्ण सुटलेली नसतानाही सुरू करता येते. "एकदम बंद करणं मला जमणार नाही," असं खरं बोलणाऱ्याला मी डॉक्टरांकडे हिच्याबद्दल विचारायला सांगतो. मात्र ट्रामाडॉलसारखी अफूच्या कुळातली वेदनाशामकं चालू असतील तर ही चालत नाही, आणि यकृताला तीव्र सूज असेल तरी नाही.

अॅकॅम्प्रोसेट ज्याची सुटली आहे त्याची सुटलेली राहावी म्हणून. दारू थांबल्यावरची बेचैनी ती कमी करते. यकृतावर भार टाकत नाही, मूत्रपिंडातून बाहेर जाते, त्यामुळे किडनी फार बिघडलेली असेल तर देत नाहीत. अडचण डोसाची आहे: 333 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. वाशीच्या मार्केटात पहाटेपासून माल उतरवणाऱ्या माथाडीला दुपारच्या गोळ्या आठवणं कठीणच.

'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 2014 साली आलेल्या आढाव्यात हिशेब असा होता: एका माणसाला पुन्हा पिण्यापासून वाचवायला अॅकॅम्प्रोसेट 12 जणांना द्यावी लागते, नाल्ट्रेक्सोन 20 जणांना. बेसुमार पिण्याकडे परत जाणं रोखायला मात्र नाल्ट्रेक्सोनचाच आकडा 12. म्हणजे पूर्ण बंद टिकवायची असेल तर माझा कल अॅकॅम्प्रोसेटकडे, पिणं आवरायचं असेल तर नाल्ट्रेक्सोनकडे. लिव्हर सिरॉसिसपर्यंत गेलं असेल तर डॉक्टर या तिन्हींबाहेरच्या बॅक्लोफेन नावाच्या औषधाचाही विचार करतात.

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर काय होतं, याला यांतल्या एकाही गोळीचं उत्तर नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास आणि बडबड सुरू होऊ शकते. हात थरथरायला लागले की घरी वाट पाहू नका, दवाखान्यात न्या; तिथे वेगळी औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देतात.

सुरुवात कुठून करायची? ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. आधी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जाताना यकृताचे आणि क्रिएटिनिनचे (किडनीच्या तपासणीचे) रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, आणि ज्याच्यासाठी जाताय तो माणूस सोबत असू द्या.