दहावीचा इतिहास ऑनलाइन: थेट तास की रेकॉर्डिंग?

शाळेने दहावीचे जादा तास ऑनलाइन घ्यायचं ठरवलं, की इतिहासाच्या शिक्षकासमोर दोन वाटा असतात: गूगल मीटवर थेट तास, नाहीतर रेकॉर्ड केलेला पाठ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर. जळगाव-धुळे शहरात पहिली वाट जमून जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांवर रेंजच नसते, तिथे तिचा विचारच नको. खरा पेच पारोळा, शिंदखेडा, यावलकडच्या गावांचा. तिथे नेटवर्क असतं, पण घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर शेतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तो घरी येतो दिवेलागणीला.

थेट तासाची मोठी जमेची बाजू म्हणजे उलटा प्रश्न विचारता येतो. इतिहासलेखनाचा पाठ मुलांना रुक्ष वाटतो. पण वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद गोळा केले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले आणि 1926 साली त्यांचं निधन आपल्या धुळ्यातच झालं, हे सांगून ‘हा कागद खरा कशावरून?’ असं विचारलं, की पाठात जीव येतो. मात्र मुलांचे माइक बंद, कॅमेरे बंद, चेहरा एकही दिसत नाही. हळूहळू शिक्षक पुस्तक वाचून दाखवू लागतो. मोफत मीट 60 मिनिटांत संपतं, त्यातली बरीचशी ‘सर, आवाज येत नाही’मध्ये जातात.

रेकॉर्डिंग रात्री, सवडीने, दोनदा ऐकता येतं. व्हिडिओपेक्षा आठ-दहा मिनिटांचा ऑडिओ बरा, डेटा कमी लागतो. सोबत एखादं मोडी पत्र द्यायचं, तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट मूळ स्वरूपात पोचतं, मूल बोटांनी मोठं करून ओळ न् ओळ पाहतं. स्क्रीन शेअरवर, नेट मंद असताना, हे होत नाही.

धोका वेगळाच आहे. पाठ संपला की मूल यूट्यूबवर जातं आणि तिथे पुराव्याशिवाय ठोकून दिलेला इतिहास ढिगाने मिळतो. त्याला अडवायला त्या क्षणी शिक्षक तिथे नसतो. मला ही उणीव फार मोठी वाटते, गणितात ती एवढी नडत नाही.

म्हणून मधल्या गावांतल्या शाळांना माझा सल्ला: पाठ ऑडिओने द्या, आणि आठवड्यातून एकदा, रात्री आठनंतर, अर्धा तास थेट बोला. तेव्हा नवीन काही शिकवू नका, फक्त मुलांना बोलू द्या. गृहपाठ म्हणून आजीला बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारून तिचं अहिराणीतलं उत्तर त्याच फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. मौखिक साधन म्हणजे काय, ते मुलाच्या हाताशीच येतं. स्वाध्यायाची उत्तरं गटावर फिरतात आणि सगळ्या वह्या सारख्याच येतात. आजीचं उत्तर मात्र दुसऱ्याचं उतरवून चालत नाही.