कानाला बरं, तोंडाला कच्चं: गावच्या रेडिओसाठी फुकटच्या एआयची पारख

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात सामुदायिक रेडिओ चालवायचा तर निम्मं काम माईकसमोर नसतं, टेबलावर असतं. वीज कंपनी हेस्कॉमची कन्नड नोटीस मराठीत आणायची, तासाभराच्या मुलाखतीतून कामाची दहा मिनिटं वेचायची, फोनवरून आलेला आवाज ऐकण्याजोगा करायचा. या कामांसाठी तीन मोफत अवजारं आम्ही पारखली: ऐकून लिहिणारं ओपनएआयचं व्हिस्पर, भाषांतर करणारं इंडिकट्रान्स-२ आणि लिहिलेलं बोलून दाखवणारं इंडिक पार्लर. शेवटची दोन्ही आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत गटाची. निकाल आधीच सांगतो: पहिलं घ्या, दुसरं सांभाळून घ्या, तिसरं तूर्त बाजूला ठेवा.

व्हिस्पर २०२२ मध्ये आलं. त्याची लहान मॉडेलं, म्हणजे टायनी, बेस आणि स्मॉल, मराठीला वाया. मीडियमपासून वाचण्याजोगं लिखाण मिळतं आणि लार्ज-व्ही-३ वर काम भागतं. मूळ लार्जला ग्राफिक्स कार्डात साधारण १० जीबी मेमरी लागते; तेच फास्टर-व्हिस्पर या हलक्या आवृत्तीतून इंट-८ मध्ये, म्हणजे मॉडेलचे आकडे ८ बिटांत आवळून, चालवलं तर निम्म्याहून कमी जागेत बसतं. कार्डच नसेल तर रात्री लावून ठेवायचं आणि सकाळी बघायचं, एवढंच. यंत्र मजकूर तुकड्यांत, म्हणजे टोकनांत, तोडतं; देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे तेवढंच बोलणं मराठीत लिहायला त्याला वेळही जास्त लागतो.

जसंच्या तसं चालवलं तर मात्र पस्तावाल. तीन गोष्टी आधी बदला. भाषा ‘मराठी’ अशी पक्की सांगा, कारण न सांगितल्यास ते पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवतं, आणि आपल्याकडे पहिली ३० सेकंदं बहुधा सिग्नेचर ट्यूनची असतात. मग सगळी मुलाखत हिंदीत उतरते. दुसरं, आवाज नसलेल्या जागा गाळणारं व्हीएडी चालू करा. शांततेत हे यंत्र गप्प बसत नाही, कुणी न बोललेलं ‘धन्यवाद’ लिहून मोकळं होतं. तिसरं, मागच्या मजकुराचा आधार घेण्याची सोय बंद करा. नाहीतर एकदा एखादं वाक्य अडकलं की ते पानभर तेच घोकत बसतं.

गावांच्या नावांना उपाय आहे, पण तो अपुरा. चालवण्याआधी द्यायच्या सूचनेत (इनिशियल प्रॉम्प्ट) राकसकोप, येळ्ळूर, कणकुंबी, हत्तरगी अशी नावं घातली की बरोबर येण्याची शक्यता वाढते. सूचनेची मर्यादा २२४ टोकनांची, आणि देवनागरी शब्द टोकनं भराभर खातो. दोन-तीन डझन नावांपुढे जागा उरत नाही. म्हणून तालुक्यागणिक वेगळी यादी करा: खानापूरच्या मुलाखतीला खानापूरची, अथणीला अथणीची. ही यादी बनवायला एक संध्याकाळ जाते आणि सगळ्या खटाटोपातली हीच सर्वात उपयोगी संध्याकाळ.

खरी अडचण सीमाभागाची आहे. चिकोडीचा शेतकरी मराठीत सुरुवात करतो, उसाच्या बिलावर आला की कन्नडमध्ये जातो, परत मराठीत येतो. मराठी पक्की केलेलं व्हिस्पर त्या कन्नड वाक्यांचा देवनागरीत चिखल करतं, आणि चिखलाच्या मधोमध एखादं सरळ मराठी वाक्य ठेवून देतं, जे तो बोललेलाच नसतो. हे जास्त धोक्याचं. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कन्नड तुकड्यांना लेबलं लावा, वेगळे एक्स्पोर्ट करा आणि कन्नड भाषा सांगून पुन्हा चालवा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग सापडला नाही. बोलीतल्या ‘करालाय’चं ‘करत आहे’ होणं मुलाखतीचं सार काढायला चालतं. बोलीचा संग्रह म्हणून जपायचं असेल तर हाताने दुरुस्त करा. ओव्या आणि टाळ-मृदंगाचं भजन यांच्या वाटेला व्हिस्परला पाठवूच नका. बाजारभावातला प्रत्येक आकडा मूळ ध्वनिफितीवर पुन्हा ऐका. ‘पावणेदोन’ आणि ‘सव्वादोन’ यांच्यात शेतकऱ्याचे पैसे असतात.

इंडिकट्रान्स-२ कन्नडमधून थेट मराठीत आणतं, मध्ये इंग्रजी लागत नाही. वीज जाण्याची सूचना, पाण्याची पाळी यांसाठी पुरेसं. आधी एक अडथळा: बऱ्याच सरकारी पीडीएफ अजून नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात, त्यातून कॉपी केलं की कचरा हाती येतो. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा किंवा ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं वाचून घ्या. मग नोटीस वाक्यावाक्याने तोडून द्या. पंधरा गल्ल्यांची रांग एकाच वाक्यात दिली तर दोन-चार गल्ल्या गळतात आणि त्याच गल्लीतून फोन येतो. नावं भाषांतराला देऊच नका, जागेवर खुणा ठेवा आणि यादीतून नंतर भरा. परिषदेपासून पंचायतीपर्यंतची खात्यांची नावंही तशीच.

आवाज स्वच्छ करणाऱ्या डीपफिल्टरनेटबद्दल थोडक्यात. चांगलं आहे, पण पूर्ण जोराने लावलं की पंख्याच्या घरघरीबरोबर ‘स’ आणि ‘श’ही खातं. गोंगाटाची घट १२ ते १५ डेसिबलपुरती बांधा. फोनच्या साध्या कॉलमध्ये साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचं काही नसतंच, ते कुठलंही यंत्र खरेपणाने परत आणू शकत नाही. शेवटी एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममधल्या लाउडनॉर्म फिल्टरने सगळ्या क्लिपा एका पातळीवर आणा. यात एआय काही नाही, पण ऐकणाऱ्याला फरक इथेच कळतो.

आता इंडिक पार्लर. आवाज गोड, पहिल्यांदा ऐकलं की माणूस भुलतो. मग ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च सारखाच लागतो, ‘१,८५०’ भलतंच वाचलं जातं, लांब परिच्छेदात शब्द गळतात. आकडे अक्षरी लिहा, एका वेळी एक-दोन वाक्यं द्या, सीड (यंत्राच्या यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) पक्का करा, नाहीतर तीच ओळ दर वेळी वेगळ्या सुरात येते. एवढं करूनही प्रत्येक ओळ ऐकून तपासावी लागते, आणि तेवढ्या वेळात निवेदकाने ती तीनदा वाचून टाकली असती. पोलंडमध्ये ऑफ रेडिओ क्राकूवने ऑक्टोबर २०२४ मध्ये एआय निवेदक बसवले आणि ओरड झाल्यावर आठवड्याभरात काढले. इथे तर शेजारच्या गल्लीतला आवाज ओळखूनच लोक रेडिओ लावतात. रोजच्या ठराविक सूचनांसाठी निवेदकाकडून गावांची नावं, वार आणि वेळा एकदा रेकॉर्ड करून घ्या आणि जोडा. निवेदकाचा आवाज यंत्राला शिकवायचा असेल तर लेखी परवानगी घ्या, मानधनासकट.

नियमांचं भान ठेवा. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. वीज, पाणी, हवामान, परीक्षा, आरोग्याच्या सूचना चालतात. व्हिस्परच्या लिखाणावरून एआयने बनवलेला ‘सारांश’ नकळत बातमीपत्रासारखा होतो, तिथे कात्री लावा. आणि प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपावे लागतातच, तर प्रत्येक ध्वनिफाइलशेजारी त्याच नावाची टेक्स्ट फाइल ठेवा, नावात आधी तारीख, मग तालुका. तक्रार आली की शब्द टाकून मिनिटभरात जागा सापडते.