डीआरडीओची लॅब की हवाई दलाचं फ्लाइट टेस्टिंग?

निकालांचा मोसम आला की ओळखीतल्या एखाद्या मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतोच. एरोनॉटिकल किंवा मेकॅनिकल झालेलं असतं, गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा स्कोअर हातात असतो. "काका, लढाऊ विमानांवर काम करायचंय. डीआरडीओ की हवाई दल?" मागून आईवडील पगाराचं विचारत असतात, तर ते आधी उरकून टाकू. डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था) असो की हवाई दल, दोन्हीकडे सुरुवात वेतनाच्या लेव्हल १० ला, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५६,१०० रुपये. हवाई दलात वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे. एवढ्यावरून आयुष्य ठरवू नका.

खरा फरक वेगळाच आहे. आपलं गणित चुकलं की जमलं, हे कळायला लॅबमध्ये वर्षं जातात. टेस्टिंगमध्ये, म्हणजे विमान उडवून तपासताना, ते त्याच संध्याकाळी कळतं.

मी लॅबवाला. विंड टनेलवर, म्हणजे विमानाच्या मॉडेलवर वेगाने हवा सोडणाऱ्या बोगद्यावर, शिकलो. ब्लोडाउन टनेलमध्ये टाक्यांत हवा दाबून भरायची, मग झडप उघडली की जेमतेम काही सेकंदांची रन. बंगळुरूच्या एनएएल या विमान संशोधन संस्थेचा १.२ मीटरचा ट्रायसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी, जवळपास आणि जास्त वेगाचा) टनेल याच जातीचा, १९६७ पासून चालतोय. आत विमानाचं पोलादी मॉडेल, त्याच्या पोटात स्ट्रेन गेज (ताण मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवलेला बॅलन्स, म्हणजे हवेचा जोर मोजणारा काटा, आणि त्या बॅलन्सचं कॅलिब्रेशन करायला नवा भरती झालेला पोरगा. पहिले कित्येक महिने मी वजनं टांगून आकडे लिहिले. एकदा एक वजन उलट्या बाजूला टांगलं. तीन दिवसांनी ग्राफची रेघ भलतीकडे गेलेली दिसली, तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून. साहेब ओरडले नाहीत, फक्त चहा सांगितला. लॅबमध्ये वेळेची किंमत अशी असते.

मोठ्या प्रमाणावरही तेच. स्क्रॅमजेट (आवाजाच्या कैकपट वेगाने आत येणाऱ्या हवेत इंधन जाळणारं) इंजिन तपासणाऱ्या एचएसटीडीव्ही या डीआरडीओच्या प्रायोगिक यानाची जून २०१९ ची चाचणी मनासारखी झाली नव्हती. ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाच्या किनाऱ्यावरून ते ध्वनीच्या सहापट वेगाने गेलं आणि इंजिन वीसेक सेकंद पेटतं राहिलं. वीस सेकंद! त्यामागे किती माणसांची किती वर्षं होती याचा हिशोब करून बघा. पुढे एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला जमिनीवरच्या चाचणीत स्क्रॅमजेटचा कम्बस्टर (इंधन जळतं तो भाग) हजार सेकंदांहून जास्त चालला. एखाद्या प्रोजेक्टच्या नशिबात तेही नसतं. तेजस या देशी लढाऊ विमानासाठीच्या कावेरी इंजिनाचं काम १९८९ ला सुरू झालं, २००८ ला ते तेजसपासून वेगळं केलं गेलं, २०१० मध्ये रशियात आयएल-७६ या मालवाहू विमानाच्या पंखाखाली टांगून उडवून बघितलं. १९८९ ला पंचविशीत त्यावर लागलेला इंजिनिअर २०२४ ला साठीचा झाला. तेजस मात्र अजून अमेरिकन एफ-४०४ इंजिनावरच उडतं. हे ऐकून पोटात गोळा आला असेल तर लॅबचा विचार पुन्हा करा. मला स्वतःला त्यात काही वाया गेलंसं वाटत नाही, पण तसं वाटणारे सहकारी मी पाहिले आहेत.

आता दुसरी बाजू. हवाई दलात फ्लाइट टेस्ट इंजिनिअर (विमानाच्या चाचण्या आखून तपासणारा) म्हणून थेट भरती नसते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आधी एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा, मग एएफएसबी ही पाच दिवसांची मुलाखत-निवड, मग बंगळुरूला जालहळ्ळीचं टेक्निकल कॉलेज, मग काही वर्षं युनिटमध्ये विमानांचे स्नॅग (बिघाड) काढायचे. त्यानंतर निवड झाली तर बंगळुरूच्या एएसटीई या हवाई दलाच्या चाचणी संस्थेत जवळजवळ वर्षभराचा कोर्स. स्क्वाड्रन लीडर आश्रिता ओलेटी २०२१ मध्ये तो पूर्ण करणाऱ्या हवाई दलातल्या पहिल्या महिला ठरल्या.

काम कसं असतं ते फ्लटरच्या, म्हणजे पंखाच्या थरथरीच्या, चाचणीवरून समजतं. ठरावीक वेगाच्या पुढे पंखाच्या थरथरीला हवाच ऊर्जा पुरवू लागते, आणि पंख काही क्षणांत तुटू शकतो. म्हणून वेग थोडा थोडा वाढवायचा. प्रत्येक टप्प्यावर विमानाला मुद्दाम एक झटका द्यायचा. खाली टेलिमेट्रीच्या (विमानातली मोजमापं रेडिओवरून येतात त्या) खोलीत इंजिनिअर बघत असतो की थरथर किती लवकर विरते. पटकन विरली तर पुढचा टेस्ट पॉइंट. रेंगाळली तर विमान परत. हा निर्णय त्याने तिथल्या तिथे घ्यायचा, समितीची बैठक नाही. उतरल्यावर डीब्रीफ (उड्डाणाची चर्चा), आणि कोणाचं काय चुकलं ते पायलटसमोर.

जोखमीचं आई विचारतेच. ६ मार्च २००९ ला एनएएलच्या सारस विमानाचा प्रोटोटाइप (चाचणीचं नमुना विमान) बंगळुरूजवळच्या बिडदीला कोसळला, त्यात दोन टेस्ट पायलटांबरोबर फ्लाइट टेस्ट इंजिनिअरही गेला. पण लॅबवाले कायम खुर्चीतच असतात असंही नाही. ११ जानेवारी १९९९ ला अरक्कोणमजवळ पाठीवर रोटोडोम (रडारची मोठी थाळी) बसवलेलं अॅव्हरो पडलं. आठ जण गेले, त्यातले निम्मे शास्त्रज्ञ होते.

बदल्यांचं सांगायला नको. हवाई दलात त्या होणारच. डीआरडीओत माणूस एका लॅबमध्ये बराच काळ राहू शकतो, पण पुण्यात पाषाणची एआरडीई किंवा एचईएमआरएल ही डीआरडीओची लॅब मिळेल आणि घरचा डबा खाऊ, असं धरून अर्ज भरू नका.

नाशिककर ओझरच्या एचएएल या विमान कारखान्याबद्दल विचारतात. तो मधला रस्ता आहे: संशोधन कमी, विमान हाताशी. अडीच टनी ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली घेऊन सुखोई जून २०१६ मध्ये तिथूनच पहिल्यांदा उडालं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए. रोज हँगरमध्ये जायचंय पण गणवेश नको, अशांना मी तिकडे पाठवतो.

बाकी माझा कौल स्वभावावर. गणित अडलं की रात्रभर त्याच्याशी झगडणाऱ्याने लॅब घ्यावी. चार लोकांसमोर "माझं चुकलं" म्हणून दुसऱ्या दिवशी परत उभं राहता येणाऱ्याने हवाई दल. ठरतच नसेल तर एएफकॅट आधी द्या. ग्राउंड ड्युटीला (हवाई दलाच्या न उडणाऱ्या शाखांना) कोर्स सुरू होताना वय २६ च्या आत लागतं, तर डीआरडीओत पहिलं पद असलेल्या सायंटिस्ट 'बी'साठी वयाची बरीच मोकळीक आहे.